नागनिका : एका नावाचा माग

नाणेघाटाच्या माथ्याजवळ, घाटवाटेला लागून असलेल्या लेण्यात, मागच्या भिंतीवर एके काळी आठ मूर्ती होत्या. आज तिथे पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही नाही. मूर्तींच्या वर कोरलेल्या नामपट्ट्यांपैकी काही मात्र अजून वाचता येतात. पहिली पट्टी सिमुक सातवाहनाची. तिच्या शेजारच्या पट्टीवर एक जोडपे आहे: 'देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो', म्हणजे देवी नायनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची. राणीचे नाव आधी आणि राजाचे 'च' लावून नंतर.

कर्नल साइक्स यांनी 1828 च्या सुमारास हे लेख पाहिले आणि 1837 मध्ये त्यांविषयी लिहिले. पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांतले अंक सोडवले आणि 1883 मध्ये ब्यूलर यांचे सविस्तर वाचन छापून आले. तेव्हापासून ही राणी इतिहासाच्या पुस्तकांत 'नागनिका' म्हणून वावरते. भिंतीवर 'नायनिका' आणि पुस्तकात 'नागनिका' हा फरक पाहून वाचक गोंधळतो, पण त्यात गूढ काही नाही. प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' सैल होऊन त्याचा 'य' होतो, पुढे तोही विरतो. 'नगर'चे 'नयर' आणि 'नयर'चे 'नेर' याच वाटेने झाले, असे भाषाभ्यासक मानतात. संगमनेर, पारनेर, अमळनेर ही गावे त्याची साक्ष. नाणेघाट चढून आलेला तांडा ज्या जुन्नरला जाई, त्या जुन्नरच्या नावाच्या शेवटीही हेच 'नगर' झिजून उरले आहे, असे सांगतात. तेव्हा नायनिका म्हणजे नागनिकाच.

हे नाव एका राणीपुरते होते, की त्या काळच्या घराघरांत मुलींना अशीच नावे ठेवत? या प्रश्नाचे उत्तर देता येईल इतका पुरावा सह्याद्रीतल्या लेण्यांनी जपून ठेवला आहे. माझ्या मते उत्तर स्पष्ट आहे. हे नाव राजवाड्याचे खास नव्हते. ते चालू, सर्वसाधारण वळणाचे नाव होते, आणि ते ठेवताना धर्मशास्त्राच्या पोथीला कोणी विचारले असेल असे दिसत नाही.

आधी राणीचा लेख पाहू. लेण्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर दहा-दहा ओळींचा एक मोठा लेख आहे. तो जागोजाग फुटला आहे, त्यामुळे राणीची ओळख पक्की करायला मागच्या भिंतीवरच्या नामपट्ट्यांचा आधार घ्यावा लागतो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. मग राणीची माहिती येते: अंगिय कुळाची वाढ करणाऱ्या महारठीची, म्हणजे सरदाराची, ती मुलगी, वेदिसिरी या राजपुत्राची आई, महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी. त्यापुढे यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी आहे. दोन अश्वमेध, राजसूय, गवामयन, आप्तोर्याम. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण. वैदिक कर्मकांडाची इतकी भरगच्च नोंद त्या काळच्या दख्खनमध्ये दुसऱ्या कोणत्या लेखात नाही.

अशा घराण्यातल्या मुलीचे नाव नागावरून ठेवलेले आहे. 'नाग'चा अर्थ हत्तीही होतो, पण पहिला अर्थ सापच. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, कोणत्या मुलीशी लग्न करू नये हे सांगताना नावांचाही विचार केला आहे. नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, साप यांच्या नावाची मुलगी करू नये, असा तो दंडक. आपस्तंब गृह्यसूत्रातही नक्षत्र, नदी आणि वृक्ष यांच्या नावाच्या मुली वरणाला निंद्य ठरवल्या आहेत. नाणेघाटात मात्र नागाच्या नावाची मुलगी राजाने केली, तिच्याबरोबर अश्वमेध केले, आणि एकाही पुरोहिताने नावावरून अडवले नाही. मनुस्मृतीचा काळ नाणेघाटच्या लेखाच्या आगे-मागे कुठेही धरला, तरी एवढे खरे की तो नियम या मुलखात चालत नव्हता.

आता राजवाड्याबाहेर पडू. रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तिथले लेख नाणेघाटनंतरच्या दोन-तीन शतकांतले. त्यांपैकी एकात पदुमनिका नावाच्या भिक्षुणीने एक लेणे आणि एक पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याची नोंद आहे. थेर पातिमित आणि थेर आगिमित या दोघांशी असलेले भाचीचे नाते लेखात नोंदवले आहे, आणि दानात पदुमनिकेसोबत बोधी आणि असाळ्हमिता या शिष्या आहेत. पदुमनिका कोणाची मुलगी? लेख सांगतो: प्रव्रजिता नागनिकेची. इथे 'ग' झिजलेला नाही. नाव अगदी तेच. एक राणी, एक भिक्षुणी. दोघींमध्ये धर्माचे, घराण्याचे, काळाचे अंतर आहे, आणि तरीही नाव एक.

नावाचा शेवट पाहा. पदुमनिका आणि नागनिका, लेक आणि आई, दोघींच्या नावांना '-निका' आहे. हे वळण ध्यानात ठेवून इतर लेख चाळले की ते सगळीकडे दिसू लागते. बेडशाला पाण्याच्या टाक्यावर सामडिनिका आहे. ती महाभोजाची, म्हणजे एका सरदाराची, मुलगी, महारठिनी, आपदेवणकाची बायको. कुड्यालाच विजयनिका आहे. जुन्नरला लछिनिका आहे, म्हणजे लक्ष्मीच. कान्हेरीला रतिनिका आहे आणि नागमुलनिकाही आहे. ही नागमुलनिका महारठीची बायको. तिच्या मुलाचे नाव खंदनागसातक, म्हणजे नाग आईच्या नावात आणि मुलाच्याही. पुरुषांच्या नावांत याला जोडीचे वळण '-नक' असे दिसते: बेडशाचा आपदेवणक, कार्ल्याचा महादेवणक, नाशिकचा कपणणक. सरदाराची मुलगी असो, व्यापाऱ्याची असो की संघात गेलेली असो, पद्म, लक्ष्मी, विजया, नाग यांपैकी काहीही घ्यावे आणि '-निका' लावावे, ही त्या काळच्या मावळ-कोकणाची रीत होती. आपल्याकडे काही पिढ्यांपूर्वी शेवटी 'बाई' लागे, तसेच हे. या रांगेत नागनिका ठेवली की ते नाव एकटे आणि अद्भुत राहत नाही.

यादी करणे सोपे व्हावे अशी एक सोय विसाव्या शतकाच्या आरंभी झाली. ल्यूडर्स यांनी 1912 मध्ये इ.स. 400 पर्यंतच्या ब्राह्मी लेखांची सूची प्रसिद्ध केली आणि तिला व्यक्तिनामांची अनुक्रमणी जोडली. नाशिक आणि कार्ल्याचे लेख त्याआधी काही वर्षे सेनार यांनी नव्याने वाचून छापले होते. मराठीत वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ 1979 मध्ये आला. या साधनांमुळे एक नाव धरून डोंगर ते डोंगर फिरता येते.

असाळ्हमितेचेच पाहा. कुड्याची ही शिष्या वर आलीच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वेदिकेच्या पट्ट्यावर आसाढमिता नावाच्या भिक्षुणीचे दान कोरले आहे. आषाढमित्रा, म्हणजे आषाढा नक्षत्रावर जन्मलेली आणि त्या नक्षत्राची मैत्री लाभलेली. दोन्ही ठिकाणी नाव नक्षत्रावरून, आणि नक्षत्रनाव तर मनू आणि आपस्तंब दोघांनाही नको असलेले. पाणिनीला मात्र ही रीत ठाऊक होती. जन्मनक्षत्रावरून नावे कशी साधतात याचे सूत्र त्याने दिले आहे, आणि त्यातल्या नक्षत्रांत आषाढाही आहे. धर्मशास्त्रकार काय असावे ते सांगतो, व्याकरणकार काय आहे ते सांगतो. लेण्यांतली नावे व्याकरणकाराच्या बाजूने साक्ष देतात.

पाणिनीचा आणखी एक उपयोग होतो. लांबलचक नाव मायेने तोडून '-इक', '-इय', '-इल' लावायची पद्धत त्याने नोंदवली आहे. देवदत्ताचा देविक, देविय किंवा देविल होतो. कार्ल्याला महादेवणक गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. कुड्याला अयितिलु या ब्राह्मण उपासकाची बायको, ब्राह्मणी भयिला हिने तर अख्खे चैत्यगृह दिले आहे. दोघींची नावे याच '-इल' वळणाची. घरात हाक मारायचे नाव हेच दगडावरही गेले, आणि चैत्यगृहासारख्या मोठ्या दानाच्या लेखातही त्याऐवजी भारदस्त संस्कृत नाव घालावे असे कोणाला वाटले नाही.

कुड्याचा एक लेख मात्र थांबून वाचायला हवा. मुलींच्या नावांविषयी त्याच्याइतके बोलके दुसरे साधन मला माहीत नाही. महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेले हे एक लेखकाचे कुटुंब. लेखक म्हणजे दरबारात लिहिण्याचे काम करणारा. बापाचे नाव सुलसदत, आईचे उत्तरदता. त्यांचा मुलगा शिवभूती लेखक, आणि त्याचा धाकटा भाऊ शिवम. लेणे या शिवमने दिले. लेखात त्याने आपले सगळे घर उभे केले आहे: बायको विजया, मुलगे सुलसदत, शिवपालित, शिवदत आणि सपिल, मुली सपा, शिवपालिता, शिवदता आणि सुलसदता. दानही वाटून नोंदवले आहे. दगडातले रूपकाम बायको आणि मुलगे यांच्या नावे, खांब मुलींच्या नावे.

चार मुलगे आणि चार मुली. शिवपालित आणि शिवपालिता, शिवदत आणि शिवदता, सुलसदत आणि सुलसदता, सपिल आणि सपा. प्रत्येक मुलाच्या नावाला त्याच घरात मुलीच्या नावाची जोड आहे. आजोबा सुलसदत, म्हणून नातू सुलसदत. नाव पूर्वजांच्या तीन पिढ्यांना धरून असावे, असे पतंजलीने महाभाष्यात सांगितले आहे, पण ते मुलाच्या बाबतीत. शिवमने आजोबांचे नाव नातीलाही दिले. वंश मुलग्याने चालतो असे मानणाऱ्या समाजात वंशाचे नाव लेकीच्या अंगावरही घातलेले इथे दिसते. हे शिवमने जाणून केले की ती घराची रीतच होती, हे एका कुटुंबावरून ठरवू नये. पण मुलामुलींची नावे एकाच पेटीतून काढलेली होती, याला नाशिकच्या लेण्यांतही पुरावा आहे. तिथे वीर नावाच्या गृहपतीने, जो नैगम म्हणजे व्यापारी होता, चार खोल्यांचे लेणे दिले. त्यातला एक ओवरक बायको नंदसिरीचा आणि एक लेक पुरिसदता हिचा. पुरुषदत्त हे मुलाचे नाव, त्याचेच हे स्त्रीरूप. 'ओवरक' हा शब्द आपण 'ओवरी' म्हणून आजही वापरतो. नंदसिरीतला 'सिरी' तर मुलगा-मुलगी पाहतच नाही. पुढे भेटणारी राणी बलसिरी आहे, आणि नाणेघाटचा कुमार हकुसिरीही आहे.

शिव ज्यांच्या नावात आहे अशी ही कुटुंबे बौद्ध संघाला लेणी देतात, यात आजच्या वाचकाला विसंगती वाटू शकेल. लेखकाच्या घराला ती वाटलेली दिसत नाही. नाव कुळाच्या देवाचे आणि दान भिक्षूंना, असे एका घरात सहज नांदत होते. कान्हेरीला रतिनिकेची बहीण म्हणून एक भिक्षुणी सापडते. तिचे नाव सापा, म्हणजे शिवमच्या मुलीचेच जवळजवळ. पण या दोघी एक होत्या असे म्हणायला काडीचाही आधार नाही. नावसाम्यावरून माणसे जोडायचा मोह या क्षेत्रात फार होतो. तो टाळला तरच नावांवरून काही सांगता येते.

नाव दगडावर येणे हे मात्र नेहमी घडत नसे, आणि ते न येण्यातही अर्थ असतो. गौतमीपुत्र सातकर्णीची आई सगळ्यांना 'गौतमी' म्हणून माहीत आहे. पण गौतमी हे तिचे गोत्रावरून आलेले नाव. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या 24 व्या वर्षाचा एक आदेश आहे. गोवर्धनचा अमात्य श्यामक याला तो राजाच्या आणि राजमातेच्या नावे दिला आहे. तिथे ती 'महादेवी', 'जीवसुता', 'राजमाता' आहे. आदेश देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे, पण स्वतःचे नाव नाही. ते नाव कळते त्याच लेण्यातल्या नातवाच्या लेखातून, पुळुमावीच्या 19 व्या वर्षी, जेव्हा ती स्वतः लेणे दान देते: गौतमी बलसिरी. मुलाच्या पराक्रमाची एवढी मोठी प्रशस्ती तिच्या दानलेखात आली, म्हणून आपल्याला गौतमीपुत्र कळला. आणि तीही आपल्याला नावानिशी कळली ती त्या दानामुळेच.

कान्हेरीची हकीगत याहून चुटपुट लावणारी आहे. तिथल्या एका टाक्यावर संस्कृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक राजवंशातली, महाक्षत्रप 'रु…' याची मुलगी. हा 'रु' म्हणजे रुद्रदामन, असे सर्वसाधारणपणे मानतात. शक आणि सातवाहन या दोन भांडणाऱ्या घराण्यांना जोडणारी ही मुलगी. लेखात अमात्य शतेरकाचे नाव शाबूत आहे, तिचे स्वतःचे नाव नाही; ते असलेला भाग फुटला आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यात नेमकी उलट स्थिती. क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दखमित्रा हिच्या खोलीच्या दानाचा लेख ओसरीच्या दोन्ही टोकांना कोरला आहे, त्यामुळे तिचे नाव दोनदा टिकले. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातल्या विष्णुदत्ता शकनिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी श्रेणींकडे पैसे ठेवले. तिची नोंद बाप, नवरा आणि मुलगा या तिघांच्या नावांसह आहे. अग्निवर्म्याची लेक विष्णुदत्ता आणि नहपानाची लेक दखमित्रा, दोघींची घराणी शक, नावे इथली.

हे सगळे दान देऊ शकणाऱ्या घरांचे चित्र आहे, हे विसरून चालणार नाही. भाज्याला 'हालिकजाया' बाधा, म्हणजे नांगरटी करणाऱ्याची बायको, आपल्या नावाने दान देते. शेतकऱ्याच्या घरातली अशी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. तिचे नाव दोन अक्षरी, शेपटी नसलेले. '-निका' वळण शेतकऱ्यांच्या झोपडीपर्यंत उतरले होते का, हे तिच्या एका नावावरून सांगणे धाडसाचे ठरेल.

पुढे हे वळण मागे पडले. तेराव्या शतकातले महानुभाव वाङ्मय उघडले की बायकांच्या नावांना '-आइसा' लागलेले दिसते: महदाइसा, हंसाइसा, उमाइसा. पण नाग गेला नव्हता. चक्रधरस्वामींच्या सेवेत राहिलेल्या बाइसा या मुळात पैठणच्या नागुबाई; आणि पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. नद्यांची नावेही धर्मशास्त्राला न जुमानता चालत राहिली. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या, आणि रमाबाई रानडेही माहेरी यमुनाच. दोघींची माहेरची नावे लग्नात बदलली. त्यांची चरित्रे लिहिली गेली म्हणून ती आपल्याला कळतात. ज्यांचे चरित्र नाही, त्यांचे जन्मनाव सासरच्या कागदांत सापडणे कठीण. सातवाहनकालीन दानलेखांत बाईच्या नावाभोवती बाप, नवरा, मुलगा असे सगळे येतात, आणि त्यांच्या मधोमध तिचे स्वतःचे नाव असते. महाराष्ट्राच्या कौटुंबिक इतिहासासाठी मी या लेखांना पेशवाईच्या कित्येक दफ्तरांहून मोलाचे मानतो ते यासाठी.

नागनिका हे नाव मराठी वाचकांत परत आले ते शिलालेखांच्या वाचनांमधून. आज मुलींची नावे शोधताना 'नयनिका' पुष्कळदा पुढे येते आणि ते नाणेघाटच्या राणीचे समजले जाते. ते 'नयन'वरून आलेले, सुंदर पण वेगळे नाव आहे. राणीच्या नामपट्टीवर पहिले अक्षर 'ना' आहे, कान्याचे. तिचे नाव मुलीला ठेवायचे असेल तर नायनिका ठेवावे, किंवा कुड्याच्या भिक्षुणीच्या लेखात आहे तसे, सरळ नागनिका.